उलट्या पिळाची मोळी

आमची आत्या भर रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर अडवायची. झरीच्या फाट्यावर गतिरोधक आहे, तिथं ट्रॉल्या हळू होतात. आत्या पदर खोचून पुढं व्हायची, हात आडवा धरायची आणि ट्रॉलीभोवती चक्कर मारून उसाच्या मोळ्या निरखायची. मग ड्रायव्हरला विचारायची, "टोळी कुठली हाय रे बाबा?" त्यानं गाव सांगितलं की मान हलवून बाजूला. अख्खी झरी तिला फौजदारीण म्हणायची.

त्याआधी आम्ही सगळेच टोळीबरोबर ऊस तोडायला जायचो. दिवाळी झाली की दाराला कुलूप. कारखान्याच्या बाजूला पाचटाची झोपडी, म्हणजे कोपी, थंडीत फुटलेले हात, आणि दिवसभर उसाच्या फडात तोडणी. दुसरीपर्यंत मी शाळेचं दुसरं सत्र कधी पाहिलंच नाही. मग एका हंगामात सरीत पाय अडकून आत्याचा गुडघा गेला. मुकादमानं पुढच्या वर्षी तिला नको म्हटलं. माझे वडील, आबा, म्हणाले, "अक्का, तू पोरीला घेऊन घरीच राहा." आत्या आबांची थोरली बहीण, लहान वयात नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती आमच्यातच राहिली. तिचा गुडघा गेला म्हणून माझी शाळा सुरू झाली. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुणालाही ताठ मानेनं सांगते, आणि गुडघ्याचंही सांगते.

विचारणं हा आत्याचा स्वभावच होता. माझ्या कॉलेजच्या प्रवेशाला परभणीला गेलो तर तिनं शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना विचारून घेतलं. प्राचार्यांना म्हणाली, "साहेब, पोरगी हुशार हाय. पर तुमच्याकडं शिकवतेत का नुसती हजेरीच घेतेत?" मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "विचारायला कशाची लाज? आपण काय मागायलोत का त्यांच्या घरचं?"

ट्रॅक्टरवाले आधी वैतागायचे, मग ओळखीचे झाले. "ऊस पायजे का मावशी?" म्हणून दोन कांड्या खाली टाकायचे. "मला ऊस नको, मोळी बघायचीय," म्हणायची आणि कांड्या उचलून गल्लीतल्या पोरांना द्यायची. गावात नाना तर्क. कुणी म्हणे, कारखान्यानं हिला तपासणीला ठेवलीय. कुणी म्हणे, फडात हिची बोरमाळ हरवलीय. हंगाम संपवून आबा घरी आले की हे सगळं त्यांच्या कानावर जायचं.

"अक्का, लोक हसायलेत."

"हसू दे की. आपल्यामुळं कुणी तरी खुशीत हाय."

मी पहिल्या वर्षाला असताना एका दुपारी आम्ही ओट्यावर शेंगा फोडत होतो. मी सरळच विचारलं, "आत्या, तू नेमकं काय शोधतेस?" तिचा हात थांबला नाही. शेंगा फोडता फोडताच तिनं सांगितलं.

ती तरुण असताना शेजारच्या टोळीत एक माणूस होता. कोयता डाव्या हातात धरायचा म्हणून सगळे त्याला डावऱ्या म्हणायचे. एकदा आत्याचा अंगठा कोयत्यानं कापला. ऊस तोडता यायचा, पण मोळी बांधता येईना. उसाच्या शेंड्याचा पाला, ज्याला वाढं म्हणतात, तो पिळून त्यानंच मोळी बांधायची असते. अंगठ्याशिवाय पीळ बसत नाही. तर हा माणूस आपलं काम उरकून यायचा आणि तिच्या मोळ्या बांधून जायचा.

"काय बोलायचा?"

"काय न्हाई. बांधायचा आन् जायचा."

"आणि तू?"

"मी विधवा बाई, माझ्याकडं सगळ्या टोळीचे डोळे. मी त्याच्या मोळ्यांकडं बघायचे. त्याचा पीळ सगळ्यांच्या उलटा पडायचा."

हंगाम संपला त्या दिवशी आत्या ओढ्यावर धुणं धूत होती. परत आली तर शेजारच्या कोप्या मोडलेल्या, त्यांचा ट्रक निघून गेलेला. तो माणूस जिंतुराकडचा होता, एवढंच तिला ठाऊक.

"अगं, नाव तरी विचारायचं."

"तेच की पोरी. तवा विचारायची लाज वाटली. तवापासनं कुणाला बी काय बी विचारते."

त्यानंतर फाट्यावर मीही तिच्याबरोबर उभी राहू लागले. आत्याचं म्हणणं ठाम होतं: माणूस म्हातारा होईल, पीळ बदलायचा नाही.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा ती मोळी आली. आत्यानं तिचा उलटा पीळ बोटांनी चाचपला आणि हात तिथंच ठेवला. ड्रायव्हरला मीच विचारलं. फड जवळच्याच शिवारात होता, टोळी येलदरीकडची, म्हणजे जिंतुराच्याच बाजूची. मैत्रिणीची स्कूटी घेतली, आत्याला मागं बसवलं. वाटेत तिनं तीनदा पदर सारखा केला.

फडात मोळ्या बांधत होती एक तरणी बाई. नाव सुमन. तिचा कोयता उजव्या हातात. आत्याचा चेहरा उतरला, तरी तिनं विचारलं, "बाई, हा असा पीळ तुला कुणी शिकवला?"

"बापानं. माझ्या बापाचं समदंच उलटं," सुमन हसली.

आत्यानं माझा दंड धरला. "हाय का?"

एवढंच विचारलं. सुमननं उत्तर द्यायला घाम पुसण्याइतका वेळ घेतला. तेवढ्यात माझा दंड आवळून निघाला.

"हाय की. येलदरीला धरणावर मासे धरतो. आय जाऊन लय वर्षं झाली, एकलाच असतो. थांबा, फोन लावते."

"नको," आत्या म्हणाली. "फोनवर काय दिसतंय?"

दुसऱ्या दिवशी येलदरीला गेलो. पांढऱ्या मिशीचा माणूस काठावर बसून जाळं सांधत होता. आत्या पुढ्यात उभी राहिली.

"वळखलं का?"

"न्हाई बाई."

"मी बी न्हाई वळखलं," म्हणत ती खाली बसली आणि जाळ्याचं दुसरं टोक तिनं धरलं. "चालू द्या तुमचं."

तो डाव्या हातानं गाठी मारत राहिला. मी लांब उभी राहून पाण्याकडं बघण्याचं नाटक करत होते. बऱ्याच वेळानं, मान वर न करता तो म्हणाला, "अंगठा बरा झाला का?"

"झाला. जरासा वाकत न्हाई."

हंगाम संपवून आबा घरी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते आत्याकडं वळले. "अक्का, तवाच सांगायचं होतं मला."

"तवा तुला मिशी बी फुटली न्हवती. तुला काय सांगू?"

आबा हसले आणि आम्हाला कळलं की लग्नाला त्यांची ना नाही. सुमनचीही नव्हती, ती म्हणाली, "बापाच्या भाकरीची काळजी मिटली. आता दोघं मिळून करपवा."

लग्न पोखर्णीला नरसिंहाच्या देवळात लागलं. माणसं थोडी, पण जेवण पोटभर. बायकांनी आत्याला नाव घ्यायला लावलं. साऱ्या जिल्ह्याला प्रश्न विचारणारी माझी आत्या पदरात तोंड लपवून बसली. "इतकी वर्षं नाव म्हाईत न्हवतं," ती मला हळूच म्हणाली, "आता म्हाईत झालं तर घ्यायची चोरी." शेवटी घेतलं. किसनरावांचं नाव तिनं एवढ्या मोठ्यानं घेतलं की पुजारी वळून बघायला लागला.

निघताना ती मला म्हणाली, "शिकलीस, बरं झालं. पर कुणी मनात भरला तर पयलं त्याचं नाव विचार." मग माझा गाल ओढून जीपमध्ये चढली. घरी परतल्यावर मी दोन भाकरी जास्तच थापल्या, सवयीनं.

माझा निकाल त्याच उन्हाळ्यात लागला. मी बी.ए. झाले. आणि आत्या ज्याला शोधत होती, तो माणूस तिला सापडला.