तुतीपासून आठ पावलं

दादाकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते शाळेच्या खिडकीतून, वर्गावर शिकवत असताना. चौथीचा वर्ग खाली मान घालून शुद्धलेखन लिहीत होता आणि बाहेरच्या शेतात एक उंच, वाळका माणूस तुतीच्या झाडाला पाठ टेकून उभा होता. मग तो पावलं मोजत सरळ बांधापर्यंत गेला. तिथे थांबला, समाधानाने मान हलवली, आणि झाडापाशी परत येऊन तेच पुन्हा केलं. "फूटपट्टी आला!" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग हसला.

फूटपट्टी हे नाव मुलांचं. मोठी माणसं त्याला दादा म्हणत, कारण त्याचा धाकटा भाऊ त्याला दादा म्हणे आणि धाकट्याचा शब्द गावभर चाले. आपलं नावसुद्धा आपल्याला धाकट्याकडून मिळालं, ही गोष्ट दादाला आयुष्यभर खुपत राहिली.

खुपण्यासारखं तसं काही नव्हतं. पण मत्सराला कारण लागत नाही, शेजार पुरतो. लहानपणी आईने दूध दिलं की दादा दोन्ही पेले खिडकीत शेजारी ठेवायचा आणि गुडघ्यांवर बसून पातळी बघायचा. धाकट्याच्या पेल्यात कमी दूध निघालं, तरी त्याच्या वाट्याला साय जास्त गेली असेल, अशी त्याला शंका. पुढे धाकट्याला नुसती सर्दी झाली तर दारात चार माणसं विचारायला येत. दादा न्यूमोनियाने वीस दिवस पडून होता तेव्हा डॉक्टर आला, तोही पहिल्यांदा धाकट्याच्याच घरात शिरला. धाकट्याने बी भिरकावलं तरी उगवे. दादाचं बी पेरल्यावरही विचार करत बसे.

वडिलांना हे सगळं माहीत होतं. म्हणून त्यांनी हयातीतच दहा एकरांची वाटणी केली. दोर लावून बरोबर मधोमध बांध घातला, आणि बांधाच्या मध्यावर तुतीचं रोप लावलं. "माणूस हलतो, झाड हलत नाही," ते म्हणाले. "भांडण झालं तर याला विचारा."

झाड हललं नाही. बांध हलला.

वडील गेल्यानंतरच्या पहिल्याच नांगरटीत दादाने बांधाच्या कडेला नांगराचं एक तास, म्हणजे एक चर, जास्त घातलं. वीतभर. निघालेली माती बांधाच्या पलीकडच्या अंगाला, धाकट्याच्या शेतात टाकली. बांध तेवढाच जाड राहिला, फक्त वीतभर पलीकडे गेला. दुसऱ्या वर्षी पुन्हा वीतभर. अशी चोवीस वर्षं. गावात बांध कोरणारे पुष्कळ होते, पण दादाइतकं नेमाने कोणी कोरत नव्हतं. पहाटे उठून, फावड्याने कड सारखी करून, वर गवताची ढेपळं लावून तो ते काम करी. वडिलांचं झाड हळूहळू त्याच्या शेताच्या आत आलं. सावलीत पीक मरायचं, बायको म्हणायची, "तोडून टाका एकदाचं." पण वडिलांनी लावलेल्या झाडाला कुऱ्हाड लावणं त्याला जमलं नाही. उलट, आपण धाकट्यावर किती मात केली हे त्या झाडापासूनच तर मोजता येत होतं. शेवटी आठ पावलं झाली.

त्या वर्षी सरकारी मोजणीवाले तिपाई आणि यंत्र घेऊन आले. जुनी कागदपत्रं बाजूला ठेवून आज जमिनीवर जशी हद्द आहे तशी लिहायची, असा हुकूम होता. दादा त्यांच्यापुढे ऐटीत चालला. "हा बांध. इथपर्यंत माझं." मोजणीवाल्याने धाकट्याला विचारलं, "बरोबर आहे?" धाकट्याने एकदा तुतीकडे पाहिलं, एकदा दादाकडे. "बरोबर आहे," तो म्हणाला.

दादाच्या नावे सव्वापाच एकर आणि वर थोडी लागली. धाकट्याच्या नावे पावणेपाचला थोडी कमी. सरकारी शिक्क्याचा कागद दादाने भिंतीवर लावला.

चार महिन्यांनी सरकारचं नवं धोरण आलं. कालवा आटत चालला होता, म्हणून पाणी आधी लहान शेतकऱ्याला मिळायचं होतं. पाच एकर किंवा त्याहून कमी जमीन असेल त्याला नळ, रोपापर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्या आणि रोज पाणी. त्याच्या वर एक फूट जमीन असली तरी तो मोठा शेतकरी, त्याची पाळी दहा दिवसांनी. खरेदी केंद्रावरही लहानांचा माल आधी घेणार.

धाकट्याच्या शेतात निळे नळ पसरले. सकाळी चावी सोडली की टोमॅटोच्या रोपांच्या मुळाशी टपटप सुरू होई. बांधाच्या या बाजूला दादा ती टपटप ऐकत बसे. त्याची रोपं पाचव्या दिवशी माना टाकत, सातव्या दिवशी पानं गुंडाळत, आणि दहाव्या दिवशी पाणी येई तेव्हा निम्मी उरलेली नसत. खरेदी केंद्रावर तो आठ पेट्या घेऊन "मोठे शेतकरी" या पाटीखाली उभा राहिला. त्याच्या पुढे पाच ट्रक होते. एका ट्रकवाल्याने वाकून त्याच्या पेट्या पाहिल्या आणि अदबीने विचारलं, "साहेब, बाकीचा माल मागून येतोय का?"

घरी आल्यावर बायकोने रिकाम्या हातांकडे पाहिलं. माल संध्याकाळपर्यंत उन्हात मऊ पडला होता, कोणी घेतला नव्हता.

"फिटली हौस मोठं व्हायची?" ती म्हणाली. "आणखी एक हंगाम असा गेला तर शेत विकून धाकट्या भावोजींकडे मजुरीला जाऊ. नळ तरी बघायला मिळतील जवळून."

हे तिने रागाने म्हटलं होतं, पण दादाला ते रात्रभर दिसत राहिलं. आपण धाकट्याच्या शेतात, धाकट्याच्या नळाखाली. दुसऱ्या दिवशी तो जमीन कार्यालयात गेला.

खिडकीमागच्या कारकूनबाईंनी चष्मा वर करून नियम वाचून दाखवला. मोजणी चुकली असेल तर हरकत घेता येते. मुदत या महिनाअखेरपर्यंत. ज्याची जमीन दाबली गेली त्याने तक्रार करायची, की शेजाऱ्याने माझी जमीन दाबली.

"आणि त्याने नाही केली तर?"

"मग ज्याने दाबली त्याने स्वतः लिहून द्यायचं. पंधरा दिवस फलकावर लागतं."

"असं कोणी देतं का?"

"माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत तरी नाही," बाई म्हणाल्या आणि चष्मा खाली घेतला.

संध्याकाळी धाकटा नळ्या तपासत बांधाशी आला तेव्हा दादा तिथे बसलेलाच होता.

"तुझ्याकडे एक काम होतं," दादा म्हणाला. "माझ्याविरुद्ध तक्रार कर."

"कसली?"

"मी तुझी जमीन खाल्ली अशी."

"खाल्लीसच की," धाकटा म्हणाला आणि खाली बसला.

दादा बघत राहिला. "तुला माहीत होतं?"

"अरे, बाबांचं झाड बांधावर होतं. आता तुझ्या शेतात आहे. झाडं चालतात का?"

"मग इतकी वर्षं तोंडात काय गुळणी धरली होतीस?"

"काय बोलणार? तू पहाटे उठून इतक्या मेहनतीने ती गवताची ढेपळं लावायचास. मी खिडकीतून बघायचो. म्हटलं, होतंय दादाचं समाधान तर होऊ दे."

दादाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चोवीस वर्षं त्याला वाटत होतं, निदान एक गोष्ट आपण धाकट्याकडून हिसकावून घेतली. आणि हा म्हणत होता, दिली. चोरीसुद्धा त्याने दान करून टाकली होती! जास्तीची साय पुन्हा त्याच्याच पेल्यात.

"तक्रार कर," तो दातांवर दात ठेवून म्हणाला.

"भावाला चोर म्हणणारा कागद माझ्या हातून होणार नाही. माझ्या नळाला एक फाटा जोड पाहिजे तर. रोज घे पाणी."

"तुझं पाणी?" दादा उठून उभा राहिला. "तुझं पाणी मी मेलो तरी तोंडात घेणार नाही."

मुदत संपायला दोन दिवस होते. दादाने त्या दोन दिवसांत सहा कागद फाडले. सातव्यावर त्याने लिहिलं: 'मी दरवर्षी नांगराचं एक तास जास्त घालून माझ्या धाकट्या भावाची जमीन दाबली. एकूण चोवीस वर्षं. तुतीपासून आठ पावलं. त्याने दिलेली नाही, मी घेतलेली आहे.' शेवटच्या वाक्याखाली त्याने रेघ मारली.

कारकूनबाईंनी कागद दोनदा वाचला. "हे शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल," त्या म्हणाल्या.

"ते राहू द्या," दादा म्हणाला.

पंधरा दिवस कागद फलकावर होता. लोक कामं काढून वाचायला येत. पहिले दोन दिवस हसले. तिसऱ्या दिवशी हसणं कमी झालं, आणि त्या आठवड्यात गावातले निदान तीन बांध गुपचूप आपापल्या जुन्या जागी गेले. मग सूर बदलला. चहाच्या दुकानात म्हातारे म्हणू लागले, "छाती लागते असं लिहायला." कोणी धाकट्याला अडवून सांगे, "नशीबवान आहेस, असा खरा भाऊ मिळाला."

हे चौथ्यांदा ऐकल्यावर धाकटा दादाच्या अंगणात आला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचा चेहरा आंबट होता.

"गप्प बसलो मी. सोसलं मी. आणि खरा माणूस तू?"

दादाची बायको दारातून म्हणाली, "भावोजी, तुम्हीपण लिहून लावा की, मी सोसलं म्हणून."

 त्या रात्री दादा दोनदा जेवला, असं त्याची बायको अजून सांगते.

फेरमोजणी झाली. दादाने स्वतःच्या हातांनी बांध आठ पावलं मागे आणला, तुतीच्या दोन्ही बाजूंनी माती चढवली, वर ढेपळं लावली. धाकट्याने फावडं आणलं होतं, पण दादाने त्याला हात लावू दिला नाही. पुढच्या हंगामात निळे नळ बांधाच्या या बाजूलाही आले. टोमॅटो दोघांचे लाल झाले. दादाला धाकट्याचे जास्त लाल वाटले.

त्यानंतरच्या वर्षी सरकारने लहान शेतकऱ्याची हद्द पाचावरून आठ एकरांवर नेली. धाकटा वर्तमानपत्र घेऊन धावत आला. दादाने बातमी वाचली, घडी घातली, आणि बराच वेळ तुतीकडे बघत बसला.

"आता काय, बांध परत सरकवणार?" बायकोने विचारलं.

"काय गरज?" धाकटा म्हणाला. "पाहिजे तर मीच देतो आठ पावलं."

"तू गप्प बस," दादा म्हणाला.

दादा आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. त्याची जमीन बरोबर पाच एकर आहे, आणि धाकट्याच्या आधी पाण्याची चावी सोडायला तो रोज सकाळी साडेपाचला शेतात जातो.