मावशीच्या हातचा नसलेला डाग

आमची मावशी वेधशाळेत काचा धुवायची. म्हणजे खिडक्यांच्या नव्हेत. दुर्बिणीतून आकाशाचे फोटो तेव्हा काचेवर घेत, आणि त्या काचा अंधाऱ्या खोलीत औषधाच्या पाण्यात बुडवून फोटो उमटवायचं काम तिचं. हाताला कायम त्या औषधाचा वास आणि नाकावर राग. आपल्या हातून आजवर एकही काच डागाळली नाही, हे ती ओळख झाल्या झाल्या सांगून टाकायची. घरात पेल्यावर बोटांचे ठसे दिसले की आमची धडगत नसे.

एकदा एका काचेच्या कोपऱ्यात फिकट, लांबट गोल डाग निघाला. नवे साहेब म्हणाले, अंगठा लागलाय. मावशीने ठाम नाही म्हटलं, तर ते नुसते हसले आणि उद्यापासून तिने गोदाम सांभाळावं, असं ठरवूनही टाकलं. मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पगार तोच राहणार होता, पण नाव जात होतं.

"त्याच जागेचा फोटो परत घ्या," ती म्हणाली. "काच तुम्ही धुवा. स्वच्छ निघाली तर गोदाम कशाला, मी घरीच जाते."

साहेबांनी दुसरी काच स्वतः धुतली. तेवढा वेळ मावशी दाराबाहेर स्टुलावर बसून होती, दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे मांडीवर ठेवून. येणारेजाणारे गालातल्या गालात हसले, ती जागची हलली नाही. शेवटी साहेब बाहेर आले आणि काच उजेडाकडे धरून बघत राहिले. डाग तिथेच होता, तेवढाच.

ती दूरची एक दीर्घिका निघाली, तोवर कुणीच न नोंदवलेली. लंबवर्तुळाकार, ना भुजा ना वळणं, अब्जावधी ताऱ्यांचा नुसता मऊ पुंजका. शोध साहेबांच्या नावावर छापून आला. मावशीला त्याचं काही नव्हतं. तिने एवढंच मागितलं, की डाग माझ्या हातचा नव्हता हे सगळ्यांसमोर सांगा.

चहाच्या वेळी साहेबांनी ते सांगितलं, चूकही कबूल केली. मग हा प्रकाश कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलाय, वगैरे समजावू लागले.

मावशीने कप खाली ठेवला. "इतक्या लांबून आला बिचारा, आणि आल्या आल्या तुम्ही त्याला माझा अंगठा ठरवलंत."

त्या फोटोची प्रत आज आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. मावशी नाही, पण तिचा अभिमान आम्ही पुरेपूर मिरवतो. कोपऱ्यात डाग पडलाय वाटतं, असं पाहुणे हमखास म्हणतात. आम्ही त्याचीच वाट बघत असतो.