कांद्याचं बी आणि आग्या मोहोळ

आमचं शेत सुलतानपूरच्या शिवारात आहे. दरवर्षी एका तुकड्यात आम्ही बियाण्याचा कांदा लावतो. माघात त्याचे गोंडे फुलले की सगळं रान पांढरं होतं. पण नुसतं फुलून भागत नाही. एका गोंड्यावरचे पराग दुसऱ्यावर गेले तरच बी धरतं, आणि ते काम वाऱ्याच्यानं होत नाही, त्याला माशी लागते.

गेल्या साली माश्या फिरकल्याच नाहीत. मी आणि नवरा सकाळच्या पारी गोंड्यांवरून सुती फडकं फिरवत होतो. हात पिवळे व्हायचे, पाठ भरून यायची, आणि एवढं करून मळणीला निम्मे गोंडे पोचट निघाले.

म्हणून यंदा बांधावरच्या कडुलिंबाला आग्या मोहोळ लटकलेलं दिसलं तेव्हा नवरा हरखलाच. सुपाएवढं मोहोळ, त्यावर माश्यांचा थर, आणि मधूनच त्या थरावरून लाट सरकल्यासारखी हालचाल. सासूबाई मात्र तिथंच थबकल्या. त्या नव्या नवरी असताना ज्वारीच्या राखणीला गेल्या होत्या, तेव्हा त्यांना आग्या माश्यांनी धरलं होतं. तोंड इतकं सुजलं की दवाखान्यात भेटायला आलेल्या त्यांच्या आईनंही त्यांना ओळखलं नाही.

"जाळून टाक ते," त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. "गवत निंदाले बाया येतात आपल्या वावरात. एकीले काही झालं तर तिच्या घरच्याईले काय सांगशीन?"

"आई, या माश्या गेल्या तर बी कसं भरन?"

दोघांचंही मला पटत होतं, त्यामुळे मी कोणाच्याच बाजूनं बोलू शकत नव्हते. शेवटी असं ठरलं की फुलं सरेपर्यंत मोहोळ राहू द्यायचं. गोंड्यांवर बारीक फुलकिडे दिसत होते, तरी माश्या मरू नयेत म्हणून औषधाचा फवारा बंद ठेवला. बायांना सांगितलं, लिंबाकडं जायचं नाही, वासाचं तेल लावून यायचं नाही, चूल पेटवायची नाही. बाया कबूल झाल्या. सासूबाईंनी मान डोलावली, पण त्या दिवसापासून शेतात यायचं बंद केलं.

फुलं ऐन भरात असताना एक दिवस मला घरून निघायला उशीर झाला. बायांचा चहा तसाच राहिला म्हणून सासूबाई किटली घेऊन माझ्यासोबत आल्या. बाया कांद्याशेजारच्या गव्हात काम करत होत्या. आम्ही त्या गव्हाच्या कडेला पोचलो आणि घारीएवढा एक तपकिरी पक्षी सरळ मोहोळावर झेपावला. पुढं कळलं की त्याला मधुबाज म्हणतात, आणि मोहोळातल्या अळ्यांवरच तो जगतो. त्याच्या तोंडावरची पिसं इतकी दाट असतात की नांगी आत शिरत नाही. त्यानं पोळ्याचा लचका तोडला अन् तो उडाला. त्याच्यामागं सगळ्या माश्या उठल्या.

"पालथ्या पडा!" मी ओरडले. बाया गव्हात आडव्या झाल्या. हरभरा झाकायला आणलेली ताडपत्री बांधावर पडली होती. ती ओढून मी सासूबाईंना खाली घेतलं. वरून मोटार चालू असल्यासारखा आवाज येत होता. माश्या ताडपत्रीवर गारांसारख्या टपटप आदळत होत्या. सासूबाईंनी माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी रुतली.

"माहा पोरगा कुठी हाये?" त्यांनी हळूच विचारलं.

तो विहिरीकडं पाणी सोडायला गेला होता. मी ताडपत्रीची कड आणखी आत ओढली.

आवाज थांबल्यावरही आम्ही बराच वेळ हललो नाही. मग मी एक कोपरा उचलला. बाया गव्हातून एकेक करून उठत होत्या. एकीच्या हाताला दोन नांग्या लागल्या होत्या, बाकी सगळ्या धड होत्या. मी नवऱ्याला हाका मारल्या. मी विहिरीकडं पळत सुटले, सासूबाई अनवाणी माझ्यामागं. वाकून पाहिलं तर खाली नुसतं पाणी.

तेवढ्यात विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीचं दार आतून वाजलं. "गेल्या काय वं त्या?"

घाईत त्यानं आतून ओढून घेतलेलं दार फुगून अडकलं होतं. दोघींनी मिळून ते बाहेर ओढलं. नवरा बाहेर आला तो घामानं निथळत, एक कान माशी चावून लाल वडा झालेला. सासूबाई मटकन खाली बसल्या. त्या रडत होत्या का हसत होत्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग आम्हा तिघांनाही हसू आवरेना.

हसू ओसरल्यावर नवराच म्हणाला, "आई, तुह्यंच खरं. आज कोनाले तरी बलावतो अन् मोहोळ काढूनच टाकतो."

सासूबाईंनी डोळे पुसले. लिंबाकडं पाहिलं. माश्या परतत होत्या आणि तुटलेल्या पोळ्याला पुन्हा लगडत होत्या.

"त्याईचं घर मोडलं, लेकरं नेली," त्या म्हणाल्या. "त्या पाखराच्या मांगं लागल्या व्हत्या त्या, आपल्या नाई. फुलं हायेत तवर राहू दे."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तशा माश्या पुन्हा गोंड्यांवर दिसल्या, कालचं काही झालंच नाही अशा. नांग्या लागलेली बाईही कामावर आली. हाताची सूज उतरली होती. आमचं सगळ्यांचं नशीब बरं, कोणाच्या जिवावर बेतलं नाही.

काही आठवड्यांनी पाकळ्या गळल्या आणि गोंडे बोंडांनी जड होऊन वाळायला लागले. एका सकाळी पाहिलं तर माश्या निघून गेल्या होत्या. फांदीला मेणाचं रिकामं पोळं तेवढं उरलं होतं. सासूबाईंनी एक गोंडा तळहातावर चोळला, फुंकर मारली. काळंभोर, टचटचीत बी हातात राहिलं. त्यांनी ते माझ्या ओंजळीत ओतलं अन् म्हणाल्या, "आज इथंच जेवू." त्या दिवशी आम्ही सगळ्या बायांनी लिंबाच्या सावलीत भाकरीची फडकी सोडली, आणि कितीतरी दिवसांनी त्या झाडाखाली मोठ्यानं बोललो.