चार वाजून दोन मिनिटांनी येणारं पॅकेट

आधीच सांगते, मी नवस बोलणाऱ्यांतली नाही आणि दृष्ट काढणाऱ्यांतलीही नाही. घरात काही बिघडलं की मी वही काढते... काय, कधी, कोणासमोर. कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं. यावेळी अर्धंच सापडलं, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही आगाशीत राहतो. घर वाडीत, भोवती केळी आणि नारळ. सर्वात जवळचं घर हाकेच्या पलीकडे, आणि तिथल्या मावशींकडे साधा बटनांचा फोन. म्हणजे आमच्याकडे वायफाय दिसतं ते फक्त आमचंच.

मुलगी पूर्वा एका सॉफ्टवेअर कंपनीत नवी लागली होती. काम घरून, प्रोबेशन चालू. रोज पावणेचारला टीमची मीटिंग, आणि रोज चारनंतर तिचा लॅपटॉप थिजायचा. नुसतं नेट जायचं नाही, माऊससुद्धा हलायचा नाही. बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत मीटिंग आटोपलेली.

तिसऱ्या आठवड्यात तिचे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "पूर्वा, तुझा बोलायचा नंबर आला की बरोबर कसं गं बंद पडतं?" सगळे हसले. नंतर तिला एकटीला फोन... महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर कायम करता येणार नाही. पोरगी त्या दिवशी नीट जेवली नाही.

मी वही काढली. आमचे हे म्हणाले, "आता लॅपटॉपचा ताप मोजणार का?"

"हो. आणि तुम्ही घड्याळ बघत बसणार."

मी शाळेच्या ऑफिसातून दोनला घरी येते, त्यामुळे चारला रोज हजर. बारा दिवस नोंदी ठेवल्या. वेळ कायम चार वाजून दोन मिनिटं. पाण्याचा पंप बंद ठेवला, तरी थिजला. मायक्रोवेव्ह बंद, तरी थिजला. एकदा आमचा राऊटरच बंद ठेवला... तरी थिजला! पण मोबाईल एकदाही नाही, यांचा ऑफिसचा लॅपटॉपही नाही. फक्त पूर्वाचा आणि माझा जुना.

वही वाचून पूर्वा ताडकन उठली. "आई, या दोघांत वायफायचं कार्ड एकाच बनावटीचं आहे! हवेतून काहीतरी येतंय आणि कार्डाचा ड्रायव्हर त्यावर आपटतोय."

ड्रायव्हर म्हणजे ते कार्ड चालवणारा छोटा प्रोग्राम. तिने बाबांच्या लॅपटॉपवर हवेतलं सगळं टिपून घेतलं. चार-दोनला एक पॅकेट, म्हणजे हवेतून येणारा माहितीचा छोटा तुकडा, आलेलं. त्यावर मजकुराची लांबी लिहिलेली एक, आतल्या मजकुराची खरी लांबी भलतीच. ड्रायव्हर न तपासता वाचायला जायचा आणि अख्खं मशीन अडकायचं. तिने तसंच पॅकेट स्वतः बनवून सोडलं... दोन्ही लॅपटॉप गप्प. म्हणजे जवळ उभा असलेला कोणीही, पासवर्डशिवाय, समोरच्याचं काम बंद पाडू शकतो. दवाखान्यातलंसुद्धा! तिने ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना कळवलं, दुरुस्तीही लिहून दिली. त्यांनी ती घेतली. त्या दुरुस्तीखाली नाव आहे ते माझ्या लेकीचं.

आता उरलेलं अर्धं.

पॅकेटवर पाठवणाऱ्या यंत्राचा क्रमांक असतो. पूर्वाने तो वाचून दाखवला आणि मी वही चाळली, कारण घरातल्या प्रत्येक वस्तूचे क्रमांक मी लिहून ठेवते. सापडला. तो आमच्या पहिल्या राऊटरचा होता. माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, हौसेनं घेतलेला. ते रोज दुपारी चारला तो पाच मिनिटं बंद करायचे. "यंत्र झालं म्हणून काय, त्यालाही चहाची सुट्टी हवी." आप्पांना जाऊन दोन वर्षं झाली. राऊटर त्याही आधी विजेनं जळलेला.

यांनी शिडी लावून माळ्यावरून खोका उतरवला. राऊटर आत होता, आतून काळा. अडॅप्टरही नव्हता.

"आई, क्रमांक खोटा घालता येतो," पूर्वा म्हणाली.

"येतो ना. पण घातला कोणी? केळींनी?"

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सरांनी तिलाच सगळं समजावून सांगायला लावलं. तिच्या लॅपटॉपवर दुरुस्ती होती. माझा जुना मुद्दाम तसाच शेजारी ठेवला, चार-दोनला थिजून दाखवेल म्हणून. मी दाराशी उभी. चार-दोन झाले, चार-पाच झाले... माझा लॅपटॉप चालूच. पॅकेट आलंच नाही! पूर्वा डगमगली नाही. स्वतःचं पॅकेट सोडून तिने तो थिजवून दाखवला आणि बोलत राहिली, बोलतच राहिली. शेवटी सर म्हणाले, "पूर्वा, आता थांबलीस तरी चालेल, आम्हाला पटलं." पुढच्या आठवड्यात कायम झाल्याचं पत्र आलं.

ते पॅकेट त्यानंतर एकदाही आलेलं नाही. नेटवर्कमधल्या चार जाणकारांना विचारलं, चौघांनी चार शक्यता सांगितल्या, एकही आमच्या घराला लागू पडेना. पूर्वाला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "कोण पाठवत होतं ते मला नाही माहीत. पण आई, फट खरी होती आणि ती मी बुजवली."

यापलीकडे मलाही काही सांगता येत नाही.