मॅडम, बोट वाकतंय

शांताताई, गुडघा कसा आहे? रावेतचे आप्पा, डोळ्याचं ऑपरेशन झालं का? सलीमभाई, तुमचं बोट?

विचारतोय, कारण आज सकाळी वसुधा मॅडम गेल्या.
एकेकाला असं विचारायची सवय त्यांनीच लावली.

मॅडम डॉक्टर नव्हत्या. हॉस्पिटल चालवायच्या.

चाकणला कंपनीत प्रेस मशीनखाली माझी दोन बोटं तुटली. सोबत्यांनी धावपळ करून ती थेट बर्फात घालून मॅडमच्या हॉस्पिटलात आणली. बर्फानं नासली. जोडता आली नाहीत.

मॅडम कॉटपाशी बसल्या. "तात्या, बोट असं आणू नये, हे कुणी सांगितलं नव्हतं?"

"न्हाई बाई. मशीन चालवायचं तेवढं सांगितलेलं."

वर्षभरात खुर्ची सोडून त्या विधानसभेला उभ्या राहिल्या.
म्हणाल्या, "माझ्या सहीनं एकच हॉस्पिटल हलतं. सरकारी दवाखान्यात बोट जोडणारा डॉक्टर हवा, तर विधानसभेतच जायला लागेल."

पहिली सभा दिघीत. मत मागायचं सोडून बाईंनी पिशवीतून भेंडी काढली.
ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळली. प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली. मग ती पिशवी बर्फावर ठेवली.
"तुटलेलं बोट असं आणायचं."

मी मागून कुजबुजलो, "मॅडम, चिन्ह सांगा की."

गॅरेजवाले सलीमभाई मोठ्यानं म्हणाले, "तात्या, बाई मतं मागायला आल्यात का डबा भरायला?"

सगळी सभा हसली. मॅडमही हसल्या, आणि दुसरी भेंडी घेतली.

निवडणुकीत सपाटून पडल्या.
तेलही गेलं, तूपही गेलं, असं मी घरी बोललोसुद्धा.

पुढच्या दिवाळीआधी सलीमभाईंचं बोट गाडीच्या इंजिनच्या पट्ट्यात जाऊन तुटलं. शेजारी बर्फ घेऊन धावले. सलीमभाई तशाही हालतीत म्हणाले, "थेट नको रे. भेंडीसारखं बांधा."

हॉस्पिटलात बोट जोडलं गेलं.

ते दाखवायला आम्ही दोघं मॅडमच्या घरी गेलो. सलीमभाईंची मान खाली. "मॅडम, खोटं कशाला बोलू, मत मी तुम्हाला दिलं नव्हतं."

"ते राहू द्या. वाकवून दाखवा."

वाकलं. अर्धंच, पण वाकलं.
मॅडमनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसत बसल्या.

मॅडम, सरकारी दवाखान्यात तो डॉक्टर अजून आला नाही. पण भेंडी कशी बांधायची, ते आता आमच्या गल्लीत सगळ्यांना येतं.
या म्हाताऱ्याचा शेवटचा रामराम घ्या.

आणि मंडळी, मॅडममुळं ज्याचं बोट हातावर राहिलं, त्यानं खाली दोन ओळी लिहा. लवकर लिहा, त्यांच्या लेकीला वाचून दाखवायच्यात.

सलीमभाई, तुम्ही त्याच बोटानं टाइप करा.