दारापर्यंत न गेलेलं समन्स

बायकोलासुद्धा हे कधी सांगितलं नाही. ती गेली. मला रिटायर होऊनही बरीच वर्षं झाली. दर वेळी म्हणायचो, पुढे कधीतरी — आणि विषय बदलायचो. आता तुम्हाला सांगतो.

मी सुरतच्या कोर्टात बेलीफ होतो. समन्स घरोघर पोचवायचो. न्यायाधीश काही कुणाच्या घरी जात नाहीत. समोरच्या माणसाला दावा कळला की नाही, हे ते आमच्या शेऱ्यावरून ठरवतात. कुलूप असलं तर 'घर बंद' लिहायचं — मग पुढची तारीख, पुन्हा खेप. माणसाने कागद नाकारला तर 'घेण्यास नकार' लिहायचं, प्रत दाराला चिकटवायची, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या. मग समन्स बजावलं असंच धरतात. खटला त्या माणसाशिवाय पुढे जातो. माझं बोलणं कुठे चाललंय, कळतंय ना?

सुरतच्याच गोडादरा भागात सुनंदाबाई राहायची. आमच्याच खानदेशातली. दिवसभर साड्यांना टिकल्या लावायच्या कामावर. नवऱ्याने घटस्फोट मागितला होता आणि पाच वर्षांच्या मुलीचा ताबा. मी एकदा गेलो, कुलूप होतं. दुसऱ्या खेपेच्या दिवशी चलथाणला भाच्याचा साखरपुडा. चौथा मजला, ऊन — नाही, कारणं नकोत. मी गेलोच नाही. कोर्टाबाहेर चहाच्या हातगाडीपाशी बसून 'घेण्यास नकार' लिहिलं. दाराला लावायची प्रत फाडून टाकली. पंच म्हणून चहावाल्याने सही केली, शेजारच्या टायपिस्टने केली. आमच्यात हे चालायचं. चहावाला म्हणाला, "काका, आज मी किती मजले चढलो?" मी हसलो. हो, हसलो.

निकाल एकतर्फी लागला. नवरा हुकूम घेऊन शाळेत गेला आणि मुलीला तिथूनच गावी घेऊन गेला.

सुनंदाबाई कोर्टात आली. तिला गुजराती वाचता येत नव्हतं, म्हणून कारकुनाने मलाच बोलावलं. माझा शेरा मीच तिला अहिराणीत समजावला. ती म्हणाली, "भाऊ, मना घर कोनीच उनं नही. मी कसाले नही म्हनसू?"

घरी कोणी आलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, "ताई, कागदवर लिखेल शे."

निकाल रद्द करण्यासाठी तिने अर्ज केला. मला साक्षीला उभं केलं. तिथे तरी खरं बोलता आलं असतं — काय झालं असतं? नोकरी गेली असती. मी शपथ घेतली आणि सांगितलं: दारातल्या बाईने हेच नाव सांगितलं, कागद घेतला नाही, चेहरा आता आठवत नाही. अर्ज फेटाळला गेला.

गेल्या वर्षी गोडादऱ्याच्या भाजीबाजारात ती समोर आली. केस पार पांढरे. तिनेच हाक मारली. "भाऊ, वळखं का माले?"

मी मुलीचं विचारलं.

"तिनं लगीन व्हयनं. माले बलावं नही." मग जवळ येऊन म्हणाली, "दारवरनी ती बाई शेजारीनच व्हती, भाऊ. मनं नाव सांगीसन तिनीच नही म्हनं. मी तिनासंगे आजपावत बोलत नही."

म्हणजे माझ्या खोट्या साक्षीने तिची शेजारीणही नेली. इतकी वर्षं. वाक्य माझ्याकडे तयार होतं, कितीदा घोकलेलं — मी आलोच नव्हतो, मला माफ करा. तिने पिशवी खाली ठेवली, ऐकायला उभी राहिली.

मी "ताई" म्हणालो. पुढचं आलं नाही.