साहेबांचं घर स्टॉपसमोर

"मोरे, इथून बस दिसते का?" इंगवले साहेबांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान बाहेर काढून विचारलं.

"दिसते सर. पीठगिरणीच्या वळणावर आली की दिसते. तेव्हा बूट घालायला घेतले तरी बस मिळते."

साहेब खूश झाले. घरमालकीणबाई दारात उभ्या होत्या, त्यांना हा काय प्रकार आहे कळेना. घर बघायला येणारे लोक नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारतात. आम्ही दोघं आल्यापासून नुसता रस्ता बघत होतो.

मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ट्रान्सपोर्ट बघायचो. ट्रान्सपोर्ट म्हणजे कामगारांना आणणाऱ्या आणि सोडणाऱ्या बस. कुठली बस कुठून निघणार आणि कुठल्या कोपऱ्यावर कुणाला घेणार, हे मी ठरवायचो. त्या कोपऱ्याला आम्ही पिकअप पॉइंट म्हणतो. आमच्याकडे कंपनीतला माणूस खोली शोधतो ती पिकअप पॉइंट बघून. हवा, उजेड, शेजार हे सगळं त्यानंतर. मुलीकडचे लोकसुद्धा स्थळ बघायला आले की विचारतात, बस कुठे थांबते?

इंगवले साहेब आमचे नवे प्लांट हेड, म्हणजे कारखान्यातले सर्वांत मोठे साहेब. त्यांची बायको कोल्हापुरात कॉलेजात शिकवायची, मुलगी बारावीला. त्यामुळे बिऱ्हाड हलवायचा प्रश्न नव्हता. शनिवारी संध्याकाळी कोल्हापूर गाठायचं आणि बाकीचा आठवडा पाठ टेकायला इथं एक छोटी जागा हवी होती. जागा कुठं घ्यावी हे एचआरला न विचारता त्यांनी मला विचारलं, याचा मला त्या वेळी फार अभिमान वाटला.

आधी चाकणला एक फ्लॅट बघितला. खिडकी उघडली तर समोर ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या कंटेनरचा ड्रायव्हर आम्हालाच बघत होता. शिवाय चाकणला राहणाऱ्या साहेबाला मशिन बंद पडलं की पहिला फोन जातो. तिथं घर घेतलं की कंपनीच घरी राहायला येते. मग मोशीला एक टॉवर बघितला. एजंटनं उत्साहानं स्विमिंग पूल दाखवला. साहेब म्हणाले, "पोहायचंच असतं तर आमची पंचगंगा काय वाईट होती?" शेवटी कासारवाडीची ही वन आरके. खाली भाजीवाला, पलीकडे खानावळ, आणि दारासमोर आमच्या चार नंबर बसचा पिकअप पॉइंट.

साहेबांना बसच हवी होती. आल्या आल्या त्यांनी खर्च कमी करायला मॅनेजर लोकांच्या कंपनीच्या गाड्या बंद केल्या होत्या, आणि सुरुवात स्वतःच्या गाडीपासून केली होती. माणूस सरळ होता. त्यांनी दुसराही एक नियम केला. जी बस महिनाभर निम्मीसुद्धा भरत नाही, तो रूट बंद.

"चार नंबर भरते ना?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"खचाखच, सर. पहिल्यापासून."

सोमवारी साहेब बसमध्ये चढले. सलीमभाई ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरली, लॅपटॉप उघडला आणि चढणाऱ्या प्रत्येकाला हसून गुड मॉर्निंग केलं.

मला दोनच आठवड्यांत तक्रारी येऊ लागल्या, पण त्या पाच नंबर बसच्या. "मोरेसाहेब, पाचमध्ये उभं राहायला लागतंय राव, मोठी गाडी द्या." पाच नंबर नाशिक फाट्यावरून सुटायची. तिथं नवीन भरती नव्हती, मग माणसं आली कुठून? गेटवरचा वॉचमन रोज सकाळी प्रत्येक बसमधली डोकी मोजतो. त्याला विचारलं. तो म्हणाला, "चार नंबरमधनं आज साहेब धरून अकरा उतरले."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चार नंबरनं गेलो.

ही बस मला माहीत होती. पुढं बायका, मधे झोपणारे, मागं पत्ते. भोसरी येईपर्यंत निम्मी बस घोरत असायची आणि उरलेली निम्मी सुपरवायझरपासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांची सालटी काढायची. त्या दिवशी बसमध्ये जेमतेम दहाजण होते आणि सगळे शाळेच्या फोटोला बसल्यासारखे ताठ. एकजण सेफ्टीचं पत्रक वाचत होता. आमच्या कंपनीत ते पत्रक वाचलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मोशीजवळ साहेब मागं वळले आणि आपुलकीनं म्हणाले, "काय पाटील, काल लाइन दोनचं रिजेक्शन किती?" रिजेक्शन म्हणजे तपासणीत नापास होऊन बाजूला पडलेला माल. पाटील उभा राहिला. चालत्या बसमध्ये. उत्तर दिलं आणि बसला. दुसऱ्या दिवसापासून पाटील नाशिक फाट्यापर्यंत चालत जायला लागला.

त्याच संध्याकाळी असेंब्लीवरच्या शोभाताई माझ्या टेबलाशी आल्या. मूळच्या लातूरकडच्या. एकट्याच लेकीला सांभाळायच्या. "सर, चार नंबर बंद होनार म्हनतेत. खरं हाय का?"

"अजून नाही."

"बंद झाली तर माजं काम सुटतंय बघा. बालवाडी बंद व्हायच्या आत मला पोचावं लागतंय. फाट्यावरनं चालत गेले तर लेकरू दारात बसतंय. मी रोज बसते की त्या बशीत. ताठ तर ताठ. पन मी एकटी बसून ती भरती का?"

मला वाईट वाटलं आणि रागही आला. राग स्वतःच्या हुशारीचा. घर शोधताना मी बस साहेबांना कशी सोयीची होईल तेवढंच पाहिलं. साहेब बसला सोयीचे आहेत का, हे पाहायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

महिना संपायला आला तसा मी केबिनमध्ये गेलो.

"सर, चार नंबर बंद करावी लागेल."

"असं कसं? कुठल्या नियमानं?"

"तुमच्या."

साहेबांनी चष्मा काढला. "पण तुम्ही तर खचाखच म्हणाला होता. लोक गेले कुठं?"

"फाट्यावरून पाच नंबर धरतात, सर."

"एवढं चालत? का?"

आता सांगणं भाग होतं. म्हटलं, "सर, तुम्ही बसता म्हणून."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग दुखावल्या आवाजात म्हणाले, "मी कधी कुणाला एक शब्द तरी वावगा बोललो काय हो?"

"नाही सर. रागावला असता तरी चाललं असतं. तुम्ही जागे असता, हा प्रॉब्लेम आहे."

"म्हणजे मी झोपू?"

वरिष्ठांना झोपा म्हणून सांगायची आमच्याकडे पद्धत नाही.

साहेब इंजिनिअर. काम हातात घेतलं की नीट करणार. मानेची उशी आणली, लॅपटॉप बॅगेत ठेवला, टोपी डोळ्यांवर ओढली. मला म्हणाले, रूटला एक महिना आणखी द्या. पहिले काही दिवस बसचा विश्वास बसला नाही. मग एकदा भोसरीच्या सिग्नलला साहेब घोरले. सलीमभाईंनी मला फोन करून बातमी दिली, "मोरेसाहेब, मुबारक हो. घोरले!" मागून पत्ते निघाले. सलीमभाईंनी गाणी लावली. पाटील परत आला, आणि महिन्याच्या मध्याला चार नंबर पुन्हा भरून वाहू लागली.

"मोरे," एकदा साहेब मला हळूच म्हणाले, "ट्रेनी होतो तेव्हा मी असाच बसनं जायचो. इथं खोलीवर गेलं की भिंतीच असतात बोलायला. सकाळचा हा तास बरा जातो." त्यांचा चेहरा बघून मलाही बरं वाटलं. झोपलेल्या माणसाला मात्र तास कसा गेला ते कळत नाही, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं.

घात कडीनं केला. एका सकाळी बसमध्ये शोभाताई शेजारच्या सीटवरच्या बाईला सांगत होत्या, "दिवाळीपासून बायकांच्या चेंजिंग रूमची कडी तुटलीय. एकीनं कपडे बदलायचे, एकीनं दार धरायचं. मेंटेनन्सला तीनदा सांगितलं, कोन ऐकतंय!"

साहेब घोरत होते. दुपारच्या जेवणाआधी नवी कडी बसली.

चांगलं काम झालं, यात वादच नाही. पण आमच्या कंपनीत दिवाळीपासून तुटलेली कडी एका दिवसात बसत नाही. संध्याकाळच्या बसमध्ये साहेब नव्हते, त्यांना मिटिंग होती. शोभाताईंनी गाडी सुरू व्हायच्या आधीच जाहीर केलं, "आगं बाई, सर जागेच असतेत की!"

मग मागच्या पंधरा दिवसांत कोण काय काय बोललं, त्याची उजळणी झाली. साहेबांच्या चालण्याची नक्कल करणाऱ्याला तर घाम फुटला. दुसऱ्या सकाळी साहेब घोरत होते आणि मागं आठजण ताठ बसले होते.

साहेबांनी मला बोलावलं. "मोरे, मी कडी बसवायला नको होती का?"

"हवी होती सर. जरा दमानं."

"बायकांनी दार धरून उभं राहायचं आणि मी दमानं घ्यायचं?" पहिल्यांदाच ते माझ्यावर चिडले. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "चार नंबर चालू ठेवा. मी बघतो माझं."

पुढच्या सोमवारी ते कोल्हापूरहून स्वतःची गाडी घेऊन आले. दोन दिवसांत चार नंबर भरली. शोभाताई वेळेवर पोचत राहिल्या. साहेबांनी घर सोडलं नाही, म्हणाले भाजी चांगली मिळते. रोज सकाळी त्यांच्या दारासमोरून बस सुटायची आणि त्यांची गाडी बसच्या मागोमाग नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत ट्रॅफिकमध्ये सरकायची.

एकदा असाच जॅम होता. मला त्यांचा फोन आला.

"मोरे, तुमच्या बसमध्ये मागच्या सीटवर पत्ते चाललेत. काचेतून दिसतंय मला."

मी दचकलो. "बंद करायला सांगू का, सर?"

"नको नको. फक्त विचारून ठेवा, तो पाटील रोज जिंकतो कसा?"

पुढं साहेबांची बदली झाली. नवे प्लांट हेड आले आणि त्यांनीही मलाच विचारलं, छोटंसं घर कुठं बघू, बसस्टॉपजवळ मिळेल का? मी म्हटलं, सर, तुम्हाला गाडी चालवता येते ना? मग मोशीला एक टॉवर आहे. स्विमिंग पूल फार सुंदर आहे.